शफलबॉटम म्हणजे कोण?

देवळाली कॅम्पातल्या गोऱ्यांच्या कब्रस्तानात झाडलोट करणाऱ्या भिमाबाईला एका दगडावरचं ‘शफलबॉटम’ हे आडनाव स्वस्थ बसू देत नव्हतं. असलं कसलं आडनाव? शेवटी कबरींचे फोटो काढायला आलेल्या स्नेहल मॅडमना तिनं गाठलंच.

“मेंढ्या धुवायच्या झऱ्याचं खोरं, असा अर्थ सांगतात,” मॅडम म्हणाल्या.

“म्हंजे धनगर व्हता का तो?”

“छे हो! पूर्वज तिथं राहायचे, एवढंच. त्यांच्यात आडनावावरून जात नाही कळत.”

भिमाबाई दगडाकडे बघतच राहिली. सकाळी ती भाड्याची खोली बघायला गेली, तर तिचं आडनाव ऐकल्याबरोबर घरमालकाची रिकामी खोली एकाएकी ‘भाड्यानं गेली’ होती.

“तुमचं आडनाव काय हो?” मॅडमनी सहज विचारलं.

भिमाबाई खसाखसा झाडायला लागली.

“शफलबॉटम!”