वाट लागलेले मामा

मामांच्या तोंडून 'वाट लागली!' असं ऐकू आलं, की समजायचं, सगळं झकास चाललंय. बाकीची दुनिया हे शब्द गाडी पंक्चर झाल्यावर किंवा न सांगता पाहुणे आल्यावर उच्चारते. मामांचा अर्थ सरळ होता. वाट हवी होती, ती लागली. त्यांच्या शेजारी बसून पहिल्यांदा कोळवणला निघालो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मोठा रस्ता सोडून त्यांनी गाडी दोन भातखाचरांमधून घातली, स्टिअरिंगवर दोन्ही हातांनी थाप मारली आणि ओरडले, "साहेब, वाट लागली!" मी दार उघडून उडी मारायच्या बेतात होतो.

मामा म्हणजे मारुंजीतले आमचे घरमालक. मी परभणीकडचा, हिंजवडीत नोकरी लागली म्हणून इकडे आलो आणि त्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बायको-मुलीसह भाड्याने राहिलो ते आजतागायत. सगळे भाडेकरू त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. बुटकेसे, मिशी मात्र एखाद्या सहाफुटी माणसाच्या मापाने शिवून घेतलेली. गाडी चालवताना चपला काढून ठेवत. "वाट तळव्याला कळती," म्हणत.

हायवेशी त्यांचं जुनं वैर. "हायवे म्हंजी नळ हाय नळ. हिकडनं घातला, तिकडनं निगाला. मधी काय दिसलं? फुडच्याची पाठ." साधं मला ऑफिसला सोडायचं असलं तरी ते वीटभट्ट्यांमागून, कुणाच्या तरी गोठ्याच्या अंगणातून नेत आणि कंपनीच्या मागच्या कुंपणाशी उभं करत. "आलं हापिस. तार वाकवा आन् जावा आत." एकदा मी खरंच तार वाकवून गेलो. गळ्यात ओळखपत्र असूनही सिक्युरिटीने मला तासभर बसवून ठेवलं, कारण पंधरा वर्षांच्या नोकरीत ह्या बाजूने आत आलेला कर्मचारी त्यांनी पाहिला नव्हता.

एका कंपनीच्या माणसांची ने-आण करून म्हातारी झालेली मिनीबस मामांनी घेतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, भाड्याने लावणार. मामांनी मागच्या सीटा उपटल्या आणि आत घर मांडलं. मागे पलंग, एका अंगाला ओटा आणि शेगडी, खिडक्यांना मामींच्या जुन्या लुगड्यांचे पडदे. मामींनी एकच हट्ट धरला. ज्याला उंबरा नाही ते घर नव्हे. मग सुताराने बसच्या दारात वीतभर उंच सागवानी उंबरा ठोकला. त्याला अडखळून पडला नाही असा माणूस आमच्या आळीत नाही. मामा स्वतः रोज पडत आणि पडल्यापडल्याच उंबऱ्याला नमस्कार करत, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, भक्तीने वाकलेत.

मागच्या काचेखाली 'विंचवाचं बिऱ्हाड' असं रंगवायचं ठरलं होतं. पेंटरने 'विंचवाचं' एवढं मोठ्या हौसेने, वेलबुट्टीसकट काढलं आणि जागा संपली. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बिऱ्हाड आत हाय, दिसतंच की." त्याचा परिणाम असा झाला, की मावळातल्या एका वाडीत गाडी उभी केली तर एक म्हातारबा लंगडत आले आणि पाय पुढे करून बसले. "विंचवाचं औषीद हाय न्हवं?" मामींनी त्यांना चहा पाजला, डंखावर कांदा चोळला. म्हातारबांना उतार पडला आणि त्यांनी एक भोपळा दिला. झालं! तेव्हापासून मामा स्वतःला थोडेसे वैद्य समजू लागले. ओट्याखाली बरण्या आल्या, बरण्यांत मुळ्या आणि पाले. हे मी उगाच सांगत नाहीये. त्या पाल्यापाशी मला यायचंच आहे.

गाडीत माझं काम फोन बघायचं. वाट विचारायची तर मामा फक्त डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला विचारत. "मोकळा माणूस कायबी सांगतो. वझं आसलेला खोटं बोलत न्हाई." फोनने दाखवलेला रस्ता ते टाळण्यापुरताच ऐकत. "त्यो म्हणतोय ती सोडून दुसरी कंचीबी सांगा." पण रस्ता चालू की बंद, एवढ्या एका बाबतीत फोनवर त्यांचा देवासारखा विश्वास. "त्यो वरनं बगतोय, साहेब. त्येला सगळं दिसतंय."

आता माझ्या कर्माची गोष्ट. मी मुळात न बोलणारा माणूस, त्यामुळे लोक मला सज्जन समजतात. मी तो समज आजवर मोडला नाही.

त्या वर्षी गणपती झाल्यावर मामा, मामी आणि मी अशी तिघांची स्वारी कोकणात, मामींच्या धाकट्या बहिणीकडे निघाली. मुळशीच्या मागच्या अंगाने घाट उतरणारा एक जुना, निर्मनुष्य रस्ता मामांनी दोन महिने आधीच ठरवून ठेवला होता. शनिवारी सकाळी निघालो. सोमवारी सकाळी माझी परदेशातल्या लोकांबरोबर मोठी मीटिंग होती, आणि पौडपर्यंत यायलाच मामांनी चार तास लावले होते, कारण वाटेत एका बांधावरची आघाड्याची फुलं मामींना दाखवायची होती. फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली. "साहेब, बगा बरं. वाट मोकळी हाय न्हवं?"

फोनवर रस्ता स्वच्छ निळा दिसत होता. मी म्हणालो, "मामा, दरड कोसळलीय. रस्ता बंद आहे."

"कुटं?"

"घाटात. अगदी मधोमध."

मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी खिडकीबाहेर पाहिलं. मामांनी चपला पायात घातल्या आणि गाडी उलटी फिरवून एक्स्प्रेसवेला लावली. तिथे ते चाळीसच्या वेगाने, मयताला निघाल्यासारखे चालले होते. टोलनाक्यावरच्या माणसाला त्यांनी विचारलं, "पैकं घेताय, पर दावताय काय?" मामींनी चालत्या गाडीत चहा केला. तो घेऊन मामा म्हणाले, "च्यासुदिक सांडला न्हाई. ह्यो काय परवास हाय?"

रविवारी रात्रीच्या आत मी घरी पोचलो. सोमवारची मीटिंग झालीच नाही. समोरच्या देशात सुट्टी होती.

पुढच्या आठवड्यात मामी अळूवड्या घेऊन वर आल्या आणि सहज बोलून गेल्या. त्या घाटात खालच्या अंगाला एक विहीर आहे. लग्नानंतर वऱ्हाडाचा ट्रक तिथे बंद पडला होता, आणि सगळे ट्रकखाली वाकलेले असताना नवरदेवाने नवरीला स्वतः पाणी शेंदून दिलं होतं. दोघांचं पहिलं बोलणं तिथलं. "पुन्यांदा आनीन म्हणालं व्हतं. चाळीस वर्सं म्हणत्यात. त्याच्यापायी तर ही बस घेतली, भाऊ. आता दरडीला कोन काय करनार?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण खरं सांगायचं तरी आधी बोलावं लागतं, आणि तिथेच माझी अडचण. अळूवडी तोंडात होती हे एक निमित्त मिळालं.

मग दर महिन्याला जिन्यात मामा गाठत. "साहेब, बगा बरं. निगाली का दरड?" निघाली म्हणावं तर लगेच शनिवारी निघायचं, आणि माझ्याशिवाय ते निघणार नाहीत. कधी कामाची घाई, कधी मुलीची परीक्षा, कधी नुसता कंटाळा. दरड तयारच होती, मी ती वापरत गेलो. आणि नुसतं 'बंद आहे' किती वेळा म्हणणार? म्हणून मी काम सुरू केलं. आधी जेसीबी आला. मग त्याचा पट्टा तुटला. मग वरून आणखी माती आली. मामा म्हणाले, "मी धा मानसं आन् ट्रॅक्टर घिऊन जातो." मी घाईघाईने वनखात्याची परवानगी आडवी घातली. त्या वाटेने येणारं एखादं माणूस मामांना भेटलं असतं, तर माझी दरड एका दिवसात उठली असती. पण तिकडून कुणी येतच नसे. आणि इकडून जाणाऱ्यांना मामा स्वतःच अडवत. "जाऊ नगा. दरड हाय. आमच्या साहेबानं वरनं बगितलीया."

एकदा काहीच सुचेना, तेव्हा मी मुकादमाचा पाय मोडला. म्हणालो, कामावरच्या मुकादमाचा पाय दगडाखाली आला, काम थांबलंय. मामा चुकचुकले आणि गेले. चौथ्या दिवशी त्यांनी कागदाची पुडी माझ्या हातात ठेवली. "हाडमोडीवरचा पाला हाय. पान्यात भिजवून बांदा म्हणावं. तुमच्या वळकीनं पोचता करा." मी ती पुडी ऑफिसच्या खणात ठेवली. टाकून देववेना. माझ्या शेजारी बसणाऱ्याने एकदा ग्रीन टी समजून त्यातला चिमूटभर उकळून प्यायला. त्याचा गुडघा दुखायचा थांबला म्हणे.

पुढच्या दिवाळीत रस्ता उघडायचा, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण गेल्या वर्षी नवरात्रातच मामा गेले. दुपारी जेवून बसच्या उंबऱ्यावर पान खात बसले होते, तिथेच. त्याच्या दोन दिवस आधी जिन्यात भेटले तेव्हा दरडीचं विचारलं नाही. "मुकादम चालाया लागला का?" असं विचारलं.

"हो मामा, लागला."

"मग झालं," म्हणाले.

यंदा दसऱ्यानंतर मी मामींना म्हणालो, चला. कुठे, ते त्यांनी विचारलं नाही. तांब्या आणि दोर घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसल्या. बस मी चालवली, चपला काढून. फोन बंद ठेवला होता. फाट्यावर एक बाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन येत होती, तिला वाट विचारली. घाट अर्धा उतरलो, एक वळण घेतलं, आणि मी ब्रेक दाबला.

समोर दरड होती. रस्ताभर तांबडी माती, मोठाले धोंडे, वर एक आडवं झालेलं झाड. यंदाच्याच पावसातली, माती अजून ताजी दिसत होती. घाटात. अगदी मधोमध.

मामी सीटवरून पुढे वाकल्या. "म्हंजी फोन बराबर सांगत व्हता," त्या म्हणाल्या. "ह्यांस्नी उगंच वाटायचं, साहेब इसरलं आसतील बगायचं."

मी सुटलो होतो. देवाने स्वतः डोंगर पाडून माझ्या बाजूने साक्ष दिली होती. आता नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्यात तर माझा हातखंडा. पण त्या दिवशी तेवढंच जमेना.

"मामी, तेव्हा इथे काही नव्हतं. रस्ता चालू होता. मी खोटं बोललो."

"तवा?"

"तेव्हा. आणि नंतर दोन वर्षं."

"आन् त्यो जेशीबी?"

"नव्हता."

मामी माझ्याकडे वळल्या. "आन् मुकादम?"

मी खिशातून पुडी काढली. ऑफिसच्या खणातून आणून निघताना ती खिशात का टाकली, ते मलाही नीट सांगता येणार नाही. मामींनी ती उघडली, वास घेतला. "ह्यो पाला आनाया तुमचं मामा डोंगरावर गेलं व्हतं. येकलं. दोनदा घसारलं, कोपार फुटलं. म्हणालं, परक्याचा पाय हाय, बायकापोरं आसतील."

मी खाली मान घालून बसलो. शेजारून हुंदक्यासारखा आवाज आला. बघतो तर मामी हसत होत्या. तोंडाला पदर लावून, गदागदा, डोळ्यांतून पाणी येईतो. "बायकापोरं... त्या मुकादमाला..." म्हणत आणि परत हसत. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

मग त्यांनी पदर खोचला. "उटा. वाट गाडीला बंद हाय. पायाला कुटं हाय?"

उंबरा ओलांडून त्या खाली उतरल्या आणि ह्या वयात शेळीसारख्या त्या धोंड्यांवर चढल्या. सगळ्यात वरच्या धोंड्यावर उभं राहून त्यांनी पलीकडे पाहिलं. खाली जांभळीच्या झाडाशी विहिरीचा कठडा दिसत होता. मामींनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्या घाटात घुमेल अशी आरोळी ठोकली, "वाट लागली!"

मागून मोटारसायकलवर दोन तरुण येत होते. ते गाडी टाकून धावत आले. "आजी, काय झालं? कुणी अडकलंय का?"

"न्हाई रं. हात द्या, पल्याड उतरायचंय."

मामींना हात मिळाला. मला मिळाला नाही. उतरताना मी घसरलो आणि घोटा असा मुरगळला की विहिरीपर्यंत मला त्या दोघांनीच धरून न्यावं लागलं. मामींनी तांब्याभर पाणी शेंदलं. आधी स्वतः प्यायल्या, डोळे मिटून, सावकाश. मग उरलेल्या पाण्यात पुडीतला पाला भिजवला, माझा पाय मांडीवर घेतला आणि पदराची चिंधी फाडून आवळून बांधला.

"हलू नगा, मुकादम," म्हणाल्या.

पाय पाचव्या दिवशी बरा झाला. मामी मात्र तेव्हापासून मला भाऊ म्हणत नाहीत. जिन्यात भेटल्या, की सगळ्या भाडेकरूंदेखत विचारतात, "काय मुकादम, चालाया लागला का?"

मी 'हो' म्हणतो.