दोन काठांची ऊब

कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजू लागली, की एक करपट, गोडसर वास असा काही दरवळतो, की नुकता जेवून उठलेला माणूसही शेताकडे चालू लागावा! चोपड्याजवळच्या मळ्यात आम्ही भरितासाठी जमलो होतो. निमित्त होते माझे मित्र नाना यांच्या मुलीचे. सुषमा पदार्थविज्ञानात संशोधन करते आणि लवकरच काही वर्षांसाठी परदेशी निघाली होती.

नाना घुश्श्यात होते. "लोके इचारतस, पोर काय करस? मी सांगस, फ्रिजनं काम करस!" उष्णतेच्या वाटा धुंडाळणारी मुलगी, आणि बापाच्या मुखी फ्रिज! जाण्यापूर्वी बापाला आपले काम कळावे, एवढीच तिची इच्छा होती.

सुषमा बापाला समजावू लागली, "नाना, काही पदार्थ अतिशय थंड केले, की उष्णता त्यांच्या पोटातून जवळजवळ जातच नाही. काठाने जाते, तीही एकाच दिशेने."

नानांनी एक वांगे फोडले. वरून कोळसा, आत कच्चे! "मंग हाई तुन्हंच वांगं शे!"

अख्खा मळा हसला. सुषमाही हसली. "वांगं कापलं की करपलेला काठ गेला. माझा पदार्थ कुठेही कापा, तिथे नवा काठ तयार, आणि उष्णता त्यावरून चालू!"

वाकवा, कोपरे काढा, ती वळसा घेऊन पुढे जाते. जणू उभ्या पिकात पाय न घालता बांधावरून जाणारा शेतकरी. आकारालाही स्वभाव असतो, हे आपण कधी मनावर घेतो का?

"आणि एकटा काठ पाहिला, तर उष्णता आली कुठून, गेली कुठे, मेळच बसत नाही," सुषमा सांगत होती. "ही पुंजभौतिकीतली विसंगती. समोरच्या काठावर उष्णता उलटी वाहते. दोन्ही काठ धरले, तरच मेळ बसतो."

नाना खाली मान घालून वांगी सोलू लागले. तिचा चेहरा उतरला.

तेवढ्यात नशिराबादचे आबा उशिरा येऊन पानावर बसले आणि बसता बसताच त्यांनी विचारले, "नाना, पोर काय करस?" सुषमाचा घास हातातच राहिला.

"ऊब कशी चालस, ते देखस," नाना सावकाश म्हणाले. "दोन काठ लागतस तिले. एक तठे चालना. एक आठे बसेल शे." आणि आधी सुषमाकडे दाखवून त्यांनी मग स्वतःच्या छातीवर बोट टेकवले.

शास्त्राच्या दृष्टीने उत्तर जरा वाकडेच होते. पण एरवी बापाचा शब्दन् शब्द दुरुस्त करणारी ती पोर काही बोलली नाही.