न दिलेली टाळी

आमच्या यांना कारखान्यात सगळे पोलाद म्हणतात. लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करतात, कामात चूक काढायला जागा ठेवत नाहीत आणि कधी सुट्टी घेत नाहीत, म्हणून पडलेलं नाव. मला ते कधीच आवडलं नाही. एकदा पोलाद म्हटलं की माणूस दमला तरी बोलत नाही आणि घरच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी अजून तोंडाकडेच बघते आहे.

त्या रविवारी नीट उजाडायच्या आधी मी मैदानाच्या कठड्यावर बसले होते, मांडीवर टी-शर्टांचा गठ्ठा होता आणि माझं डोकं फिरलं होतं. छापायला दिलं होतं, 'रक्तात लोह जास्त तर नाही ना? तपासून घ्या.' छापून आलं होतं, 'रक्तात लोह कमी तर नाही ना?' छपाईवाल्याला झोपेतून उठवलं, तर म्हणतो कसा, "ताई, तुमच्या लिहिण्यात चूक होती. मी सुधारून दिली. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत."

त्याला तरी काय बोलणार? लोह म्हटलं की कमीच असतं, असं सगळ्यांनाच वाटतं. आमच्या घरातही तेच वाटत होतं. यांना थकवा यायला लागला, जिना चढताना कठड्याला धरून उभे राहायला लागले, तेव्हा सासूबाईंनी ठरवून टाकलं की रक्त कमी झालंय. लाल औषधाच्या बाटल्या आणल्या, रोज समोर बसून पाजल्या. हेही पोलाद, मुकाट्याने पीत राहिले. जितकं प्यायले तितके खंगत गेले. बोटांचे सांधे सुजले, रंग काळवंडला. शेजारीपाजारी म्हणायचे, उन्हातून आलात वाटतं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं की यांच्या अंगात लोह भलतंच जास्त आहे. आपल्या शरीराला हवं तेवढं घेऊन बाकीचं सोडून देता येतं, यांच्या शरीराला ते सोडता येत नाही. ते साठत जातं, यकृतात, हृदयात, सांध्यांत. जन्मापासूनचं आहे, आई आणि वडील दोघांकडून आलेलं. उपाय एकच, ठरावीक दिवसांनी रक्त काढून टाकायचं. म्हणजे इतके दिवस सासूबाई घरात रक्त वाढवत होत्या आणि आता दवाखाना ते काढायला बसला. बिचाऱ्या सासूबाईंनी उरलेली बाटली मोरीत ओतून टाकली.

मग मामंजींचा विषय निघाला. मामंजीही लेथवरच होते. तेही असेच काळवंडले होते, त्यांना साखर झाली, मग पोट फुगलं आणि ते गेले. तेव्हा सगळ्यांनी एकच निदान केलं होतं. आयुष्यभर लोखंडाचा कीस नाकातोंडात गेला, तो बाधला. आता यांचं कळल्यावरही आमच्या घरात तेच ठरलं, लेथवरचं दुखणं. डॉक्टरीणबाई कानीकपाळी ओरडून सांगत होत्या की लेथचा काही संबंध नाही, हे रक्तातून आलंय, सख्ख्या भावाची तपासणी लगेच करा. सख्खा भाऊ मात्र हसण्यावारी नेत होता.

हा सख्खा भाऊ म्हणजे माझे धाकटे दीर. मैदानासमोरच्या रस्त्यावर त्यांचं केशकर्तनाचं दुकान आहे. तोंडाला कुलूप नाही. दुकानात गिऱ्हाईक केस कापायला कमी आणि त्यांच्या गप्पा ऐकायला जास्त येतं. विनोद करायचा आणि लगेच पंजा पुढे करायचा, "दे टाळी." टाळी घेतल्याशिवाय त्यांचा विनोद पुराच होत नसे. मी लग्न होऊन आले त्या दिवशी मलाही सोडलं नव्हतं.

"दादा लोखंडात काम करतो, म्हणून त्याच्या अंगात लोखंड," भावजी म्हणायचे. "मी केसांत काम करतो वहिनी. माझ्या अंगात काय, केस साठणार?"

"कात्री काय लाकडाची आहे तुमची?" मी म्हणायचे.

सगळे हसायचे आणि तपासणी राहून जायची. असं वर्ष सरलं. यांना तोवर बरं वाटायला लागलं होतं. आधी चालायला लागले, मग हळूहळू पळायला. डॉक्टरीणबाईंनी हृदय तपासून परवानगी दिली आणि हे धावणाऱ्यांच्या एका गटात सामील झाले. ज्या माणसाला जिना चढवत नव्हता तो टेकडीला वळसा घालून यायला लागला. मला बरं वाटायचं आणि रागही यायचा, कारण घोट्याचा सांधा सुजलेला असला तरी हा माणूस मोजा वर ओढून घ्यायचा.

एका रविवारी जेवताना हे पुन्हा भावजींच्या मागे लागले. भावजी वैतागले. म्हणाले, "असं कर. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मैदानाला फेऱ्या मार. चाललास तरी चालेल, पण बसायचं नाही. जमलं तर त्याच दिवशी रक्त देतो. नाही जमलं तर हा विषय पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही. कधीच."

यांनी पंजा पुढे केला. "दे टाळी."

"शब्द दिला ना, टाळी कशाला?" भावजी म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

मला वाटलं, चिडलेत. यांनी हात तसाच थोडा वेळ धरला आणि मग मागे घेतला. दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. गटातल्या लोकांनी म्हटलं, एवढं करताच आहात तर चार लोकांना कळू दे या आजाराबद्दल, म्हणून ते टी-शर्ट आणि म्हणून दवाखान्यातल्या सिस्टर मैदानाच्या फाटकाशी टेबल मांडून बसल्या. ज्याला तपासायचं असेल त्याने तिथेच रक्त द्यायचं.

तर मी चिकटपट्टी घेतली, प्रत्येक टी-शर्टवरच्या 'कमी'वर एकेक तुकडा लावला आणि वर पेनाने 'जास्त' लिहिलं. सूर्य वर आला आणि हे निघाले. गटातले पाचसहा जण सोबत होते. भावजी दुकान उघडण्याआधी येऊन गेले. माझ्या हातातला टी-शर्ट वाचून खो खो हसले.

"बघा, छपाईवाल्यालासुद्धा पटत नाही. तपासणीआधीच निकाल दुरुस्त करून पाठवला त्याने."

विनोद बरा होता. मी सवयीने हात पुढे केला. भावजींचा हात खिशातून बाहेर आलाच नाही. "गिऱ्हाईक थांबलंय," म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले. मी हात पुढे केलेला तशीच उभी. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, किती दिवसांत भावजींनी टाळी मागितली नव्हती? कितीही आठवून बघितलं तरी मला आठवेना.

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. हे एका लयीत पळत होते, टेबलाशी आले की पाणी घेत होते, सिस्टर नाडी बघत होत्या. येणारेजाणारे विचारत होते, लोह जास्त असतं म्हणजे काय, आणि मी सांगून सांगून माझा घसा बसला होता. काहींनी रक्तही दिलं. उन्हं चढली तसे सोबतचे एकेक जण सावलीला बसले. यांना बसायची सोय नव्हती.

मग डावा घोटा गेला. गेला म्हणजे यांनी सांगितलं नाही, पण पाऊल वाकडं पडायला लागलं. पळणं थांबलं, चालणं सुरू झालं. ओठ घट्ट मिटलेले. मी शेजारून चालत विचारलं, "दुखतंय का?"

"नाही."

"खोटं बोलू नका. बायको आहे मी, मुकादम नाही."

"मग विचारतेस कशाला?" म्हणाले आणि तसेच पुढे गेले.

सिस्टर म्हणाल्या, छातीत धडधडलं किंवा चक्कर आली तर मी थांबवणार, पैजबिज ऐकणार नाही. मी म्हटलं, थांबवा. आणि मनात म्हटलं, थांबवू नका. मला भीती वाटत होती, दोन्हींची. हे पडले तर यांचं काय होईल याची, आणि हे बसले तर भावजींचं काय होईल याची. मामंजींचं पोट मी माझ्या हातांनी पुसलं होतं. तो विषय पुन्हा कधीच काढायचा नाही, म्हणजे काय, हे मला माहीत होतं.

उन्हं कलली तरी भावजी आले नाहीत. फोन लावला, उचलेनात. यांच्या फेऱ्या इतक्या हळू झाल्या होत्या की मला बघवेना. हा माणूस दिवसभर पाय ओढतोय आणि ज्याच्यासाठी ओढतोय तो समोरच्या दुकानात दाढ्या करतोय. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पदर खोचला आणि रस्ता ओलांडला.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. भावजी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते आणि दाढीच्या पाण्याच्या भांड्यात दोन्ही हात बुडवून ठेवले होते. पाण्यातून वाफ येत होती. बाजूला केस कापायचं मशीन पडलं होतं. कात्र्या भिंतीवर टांगलेल्या, त्यांच्यावर धूळ बसलेली.

मला आरशात बघून त्यांनी हात बाहेर काढले नाहीत. लपवायला वेळच मिळाला नाही. पहिली दोन बोटं मुळाशी सुजलेली होती, उजव्या हाताचीही आणि डाव्याचीही. यांची होती तशीच.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कात्री धरवत नाही वहिनी." मग म्हणाले, "दादाला सांगू नका."

भांडायला आले होते, ते विसरूनच गेले. मी बाजूच्या बाकावर बसले.

"बाबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांची दाढी मीच करायचो," भावजी म्हणाले. "रोज गाल आत गेलेले असायचे. वस्तरा कुठे टेकवायचा कळायचं नाही. मला कळून घ्यायचं नाहीये. आहे तोवर आहे."

"बाबांचं रक्त कुणी काढलं नाही, म्हणून ते गेले," मी म्हटलं. "यांचं काढतात, म्हणून ते सकाळपासून बाहेर फिरतायत. मी काही डॉक्टर नाही. मला एवढंच दिसतं. आणि भावजी, ते आता पडतील हो."

मला रडू आलं. भावजींनी कधी मला रडताना बघितलं नव्हतं. ते उठले, हात पुसले आणि शटर तसंच सोडून बाहेर पडले.

मैदानावर सगळे उठून उभे राहिले होते. सूर्य पाण्याच्या टाकीमागे गेला होता. हे लांबच्या बाजूला होते, एकेक पाऊल टाकत. भावजी मधून मैदान कापत धावत गेले, मी मागून. तेवढ्या अंतरात भावजींना धाप लागली, गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले.

"दादा, बस कर. मावळला."

"टाकीमागे गेलाय," हे म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "मावळला नाही."

"देतो म्हटलं ना रक्त. चल, आत्ता देतो. बस खाली."

हे थांबले नाहीत. भावजींनी शिव्या घातल्या, मोठ्या भावाला घालू नयेत अशा. मग यांच्या काखेत खांदा दिला आणि दोघं चालायला लागले. कोण कुणाला धरून चाललंय, लांबून सांगता आलं नसतं. टाकीच्या खालून पुन्हा एकदा लालसर ऊन आलं, जमिनीवर लांब पडलं आणि गेलं.

फाटकाशी सिस्टरनी खुर्ची पुढे केली. हे बसले नाहीत, भावजींना बसवलं. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला, सुई लावली. भावजी दुसरीकडे बघत होते. नळी गडद लाल रंगाने भरत गेली.

"वहिनींनी सांगितलं का तुला?" भावजींनी विचारलं.

"काय?"

भावजींनी मोकळा हात वर केला, सुजलेली बोटं दाखवली.

"तिला आज कळलं असेल," हे म्हणाले. "तू टाळी मागायचं बंद केलंस, तेव्हाच मला कळलं."

"पैज लावली तेव्हाच माहीत होतं तुला? मग हे सगळं कशाला? घोट्याची वाट लावून घेतलीस. ओढून न्यायचं होतं मला."

"बाबांनाही ओढूनच नेलं होतं आपण दवाखान्यात," हे म्हणाले. "आठवतं ना? परत कधी गेले नाहीत. आणि इथे तर पुन्हा पुन्हा जावं लागतं."

सिस्टरनी सुई काढली, कापूस दाबला. मग यांनी पंजा पुढे केला, आडवा, हलकेच, कपबशी धरावी तसा. यांचीही बोटं सुजलेलीच होती.

"आता तरी दे."

भावजींनी त्यावर आपला हात ठेवला. आवाज झाला नाही. दोघांपैकी कुणी हात काढला नाही.

मग हे खाली बसले.