शिळं पाणी

लग्न होऊन सोलापुरात येईपर्यंत पाणी शिळं होतं हे मला ठाऊक नव्हतं. माझं माहेर अकलूजचं, कालव्याच्या काठचं. इथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि ते आलं की आधीचं उरलेलं सगळं शिळं ठरतं. मग पिंपं, घागरी, कळश्या ओतायच्या, घासायच्या आणि ताजं भरायचं. सासूबाई याबाबतीत फार कडक. नळ सूं सूं करू लागला की त्या कानडीत "नीरु बंतु!" म्हणजे पाणी आलं, असं ओरडायच्या आणि सगळं घर पळत सुटायचं.

त्या सकाळी त्या देवळात गेल्या होत्या. नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ आठ दिवसांचं. गल्लीत घरोघरी जुलाब चालू होते, म्हणून डॉक्टरांनी तिला उकळलेलंच पाणी द्यायला बजावलं होतं. तेवढ्यात नळ सूं सूं करू लागला. सासूबाई परत यायच्या आत सगळं लख्ख करून शाबासकी मिळवावी, असा मला हुरूप आला. मी भराभर ओतत सुटले. ओट्यावरचं झाकलेलं पातेलंही मोरीत रिकामं केलं. ते हाताला कोमट लागलं होतं, पण माझं लक्ष कुठलं!

नळानं थोडा वेळ नुसती हवा सोडली, दोन गुळण्या लाल पाणी टाकलं आणि तो गप्प झाला. कुठेतरी पाइप फुटला होता. आतून नणंदेनं हाक मारली, "वहिनी, पाणी द्या की." तेव्हा कुठे मला त्या पातेल्याची आठवण झाली. घरात पिण्याचा थेंब नव्हता.

कोपऱ्यावरच्या जारचं पाणी गाळलेलं असतं की नुसतं गार केलेलं, देव जाणे. शिवाय पाइप फुटला की जारवाल्याचा भाव लगेच चढतो. मी शेजारच्या चाचींकडे धावले. नवं पाणी चाखून बघितल्याशिवाय चाची जुनं टाकत नसत आणि सासूबाई त्यावरून त्यांना कायम चिडवायच्या. चाचींनी अर्धी कळशी दिली. "पगली, पैले आने तो देना था," म्हणून हसल्याही.

मी परतले तर सासूबाई दारात उभ्या होत्या आणि मामंजी मोरीपाशी ओरडत होते, "बाळंतिणीचं पाणी कुणी वतलं?"

मी हातातली कळशी खाली ठेवली. सासूबाईंनी एकवार माझ्या तोंडाकडे बघितलं. "देवळात जायच्या आदी मीच वतलं. इसरले," त्या म्हणाल्या.

मामंजींनी तोंडाला येईल ते ऐकवलं. कुणाचं एक ऐकून न घेणारी ती बाई मान खाली घालून उभी राहिली.

स्वयंपाकघरात पाणी उकळताना मी म्हटलं, "मी मामंजींना खरं सांगते."

"गप बस. माजं काय, मी जुनी हाय. तुला अजून वरीस न्हाय झालं हितं. आता बोल लागला तर लई दिस पुरंल."

दोन दिवसांनी पाणी आलं. सासूबाईंनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पिण्याचं पाणी आता सूनबाई बघंल."

"नवी पोर हाय. जमंल का तिला?" मामंजींनी विचारलं.

"माज्यापेक्षा बरं जमंल," सासूबाई म्हणाल्या.

मी घागर नळाखाली धरली आणि ती भरेपर्यंत मागे वळून बघितलं नाही. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.