नागपुरात कुठे?

काकूंनी माझा डबा टेबलाखाली सरकवला. पायाने.

दिवाळीचा कार्यक्रम होता. भारतातून आम्ही नर्सेस भराभर इंग्लंडला आलो, त्याला नऊ-दहा वर्षं झाली होती. नॉटिंगहॅमच्या मराठी लोकांनी चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा. मी सांबारवड्या नेल्या होत्या, आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या.

काकू म्हणजे एका मोठ्या डॉक्टरांच्या मिसेस. पुण्याच्या. आधी गोड बोलल्या.

"मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"नागपूर."

"नागपुरात कुठे?"

मी वस्तीचं नाव सांगितलं.

"आणि आडनाव?"

तेही सांगितलं.

"अच्छा, अच्छा." हसू तसंच राहिलं. डबा खाली गेला.

वॉर्डात गोरे पेशंट रोज विचारतात, "व्हेअर आर यू फ्रॉम, डक?" डक म्हणजे इथलं लाडाचं 'गं'. इंडिया म्हटलं की त्यांचं भागतं. कुणी तोंड वाकडं केलंच, तर ते अख्ख्या इंडियाला. आपल्या माणसांचं तेवढ्याने भागत नाही. त्यांना गल्ली लागते.

माझी मुलगी शेजारीच होती. आठ वर्षांची, इथेच जन्मलेली. "आई, काकूने आपला वडी खाली का ठेवला?"

"वर जागा नाहीये, बाळा."

टेबल अर्धं रिकामं होतं. तिला दिसत होतं. मी पोटच्या पोरीशी खोटं बोलले. कुणाची अब्रू राखायला? काकूंची! त्या लाथेपेक्षा हे जास्त लागलं.

संक्रांतीच्या आधी काकूंचा फोन आला. "या वेळी तुम्ही स्वयंपाकाचं राहू द्या हं. किती दमता ड्यूटीवर. पेपर प्लेट्स आणा तेवढ्या."

मुलगी समोर बसून शाळेचं वर्कशीट भरत होती. तुमचं कुटुंब कुठून आलं? तिने 'इंडिया' लिहिलेलं. खाली तीन ओळी कोऱ्या.

मी म्हणाले, "माझी जात कळली म्हणून माझ्या हातचं चालत नाही, असं सरळ म्हणा ना."

"अहो, काय बोलताय! आम्ही असलं काही मानत नाही."

"मग दिवाळीला डबा पायाने का सारलात?"

फोन बंद.

 पोरगी बघत होती. मी खुर्ची ओढली आणि सांगितलं. माझ्या आजोबांना गावात मेलेली ढोरं ओढावी लागायची. तहान लागली तर लोक वरून ओंजळीत पाणी ओतायचे; शिवायचं नाही, 'अनटचेबल' म्हणून. मग त्यांनी ते काम सोडलं. गाव सोडलं. तो धर्मही सोडला. आपण त्यांचे.

"काकूला माहिती आहे?"

"आहे. म्हणूनच डबा खाली."

ती वर्कशीटकडे वळली. मग पेन्सिल उचलली. "आई, अनटचेबलचा स्पेलिंग काय?"

मी एकेक अक्षर सांगितलं.

नवरा चिडला. "एवढ्या लहान पोरीला कशाला? इथे कुणाला कळतंय?"

इथेच कळतं. आणि माझ्या मुलीला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळणार नाही.

मंडळी आता मला बोलवत नाहीत. मी न बोलावता जाते. आडनाव विचारायच्या आधीच जात सांगते आणि समोरच्याकडे रोखून बघत राहते. मान खाली घालायची असेल तर त्यांनी घालावी.