अवघड अक्षरांचे अप्पा

नवा माणूस भेटला की अप्पा त्याला गाव विचारण्याआधी म्हणत, "'ऱ्ह'नं सुरू होणारे दोन शब्द सांगा बघू." बहुतेकांची गाडी ऱ्हासावर थांबे. मग अप्पांच्या मिशीत हसू फुटे.

साताऱ्याच्या एका साप्ताहिकात ते शब्दकोडं रचत. आम्ही एकाच शाळेत मास्तर होतो, शेजारीही होतो. ते म्हणत, "क, म, स यांची दारं सगळेच ठोठावतात. जिथून शब्द निघतच नाही असं वाटतं, तिथं बसून राहावं." असं बसून त्यांनी त्सरू म्हणजे तलवारीची मूठ, क्ष्मा म्हणजे पृथ्वी, असले शब्द गोळा केले होते.

कोड्याच्या चौकटी रिकाम्या असतात, पण पुढच्या अंकात उत्तर छापायला अक्षरांचे खिळे लागतातच. खिळे जुळवणारा शिदू कुरकुरे, "आवं मास्तर, ह्ये अक्षर आमच्या खणात न्हाई. पाय मोडून लावू का?"

"शब्दाचा पाय मोडायचा नाही," म्हणून अप्पा मोटारीनं सांगली गाठत आणि तिथल्या छापखान्यातून खिळे रुमालात बांधून आणत. त्यांची पाठ फिरली की शिदू म्हणे, "लय नाद हाय मास्तरांस्नी."

नाद नव्हता. त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता पलटणीबरोबर ब्रह्मदेशात होता. छापखान्यातून त्याला दर आठवड्याला अंक जाई. सोपं कोडं तो झटक्यात सोडवी, म्हणून ही अवघड अक्षरं. "पत्रातल्या ओळींवर सरकार शाई फिरवतं," अप्पा म्हणत, "कोड्यावर काय फिरवणार? आठवडाभर पोरगा माझ्याशी बोलत बसतो." वसंता सोडवलेलं कोडं परत धाडी आणि अप्पा ते शाळेच्या पेपरासारखं तांबड्या शाईनं तपासत.

साप्ताहिकाच्या मालकांना हे पटत नसे. "मेढ्या-वडूजकडचे लोक तक्रार करतात, मास्तर. त्यांना बक्षीस पाहिजे, विद्वत्ता नको."

"माझ्या एका वाचकाला पाहिजे."

"तो वर्गणी भरतो काय?"

अप्पा तापानं अंथरुणाला खिळले, तेव्हा मालकांनी कुणाकडून तरी कमळ, पतंग, सरिता असलं कोडं करून घेतलं. वर नाव मात्र अप्पांचंच ठेवलं. पुढे वसंताचं कार्ड आलं: "या खेपेचं कोडं चहा निवायच्या आत सुटलं. तुम्ही थकलात, अप्पा. आता माझ्यासाठी त्रास घेऊ नका. सोपीच देत जा."

अंगात कणकण असतानाच अप्पांनी हातानं चौकट आखली, चारी बाजूंनी अवघड अक्षरं पेरली आणि ती स्वतः टपालात टाकली. ती पोचण्याआधी तार आली. मागाहून पाकीटही परत आलं, न फोडलेलं.

मालक समाचाराला आले. जाता जाता म्हणाले, "तुमचं ते अवघड कोडं आता द्या, मास्तर. वसंताच्या नावानं छापू. लोक आवडीनं घेतील."

अप्पा म्हणाले, "बाप थकला असं समजून गेला तो. हे कुठल्या अंकात दुरुस्त करणार?"

मालक टोपी सारखी करून निघाले.

अप्पा त्यानंतर फार जगले नाहीत. जगले तेवढे दिवस, नवा माणूस भेटला की चारचौघांसारखं त्याचं गाव विचारत. ते गेल्यावर शिदू रुमाल घेऊन माझ्याकडे आला. "ह्ये खिळे खणात नुसतं पडून हायती. तुमी ठेवा." मी ठेवले आहेत.

त्या साप्ताहिकात कोडं अजून येतं. चहा निवायच्या आत सुटतं.