घासून झालेलं पातेलं

आज सकाळी दूध करपलं. चूक माझीच, गॅसपाशी उभा राहून फोनवर गप्पा छाटत होतो. करपलेल्या दुधाचा वास पसरला की आमच्या कोपर स्टेशनजवळच्या घरात सगळे नाकं मुरडतात. मला मात्र तो वास थेट कॉलेजच्या शेवटच्या वर्षात नेऊन सोडतो, आणि अजूनही लाजेनं कानाच्या पाळ्या गरम होतात.

चित्रकला शिकत होतो तेव्हा जुन्या डच चित्रांनी मला झपाटलं होतं. त्यांत ना राजे, ना देव. डावीकडच्या खिडकीतून उजेड येतोय आणि त्या उजेडात कुणी बाई मासे साफ करतेय, कुणी अंगण धुतेय, कुणी तांब्याचं भांडं घासतेय, बस्स! मला वाटलं, अरे, हे तर आपल्या मोरीतही आहे. खिडकी डावीकडेच आहे, आणि विठ्ठलवाडीहून भांड्यांना येणाऱ्या मावशीही आहेत. परीक्षेचं चित्र तिथंच ठरलं.

मावशी हसत तयार झाल्या, पण त्यांना घासायचं नाटक काही जमेना. बांगड्या वर सरकवून त्या बसायच्या, आणि मी खांद्याची रेघ ओढेपर्यंत पातेलं लख्ख होऊन पालथं पडलेलं असायचं. "मावशी, तेच जरा परत घासा ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "घासलेलं कशाला घासू? येडा का खुळा तू?" तीन दिवस हेच चाललं. शेवटी मी डोकं लढवलं. आई कामावर गेल्यावर पातेल्यात दूध मुद्दाम करपवलं, आणि चांगलं चिकटावं म्हणून वर दोन मुठी साखर टाकली. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

मावशींनी नखानं तळ खरवडून पाहिला. "साखर घातलीस ना? नुसतं दूध असं धरत नाही." मी खाली बघितलं. त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. "हाताला भेगा पडल्यात रे माझ्या, आणि तुला खेळ सुचतोय," एवढंच म्हणाल्या आणि पातेलं माझ्यापुढे सरकवलं. "घास. लख्ख झालं तर उद्या येईन, नाहीतर दुसरी बाई बघा म्हणावं आईला."

तासभर घासत होतो. दुसऱ्या घरचं काम खोळंबलं तरी मावशी स्टुलावरून हलल्या नाहीत. "मनगटानं नको, खांद्यातून जोर लाव." चित्रकलेच्या इतक्या वर्षांत खांदा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. मी कागद फाडला, नवा घेतला आणि आठवड्यात चित्र उभं केलं. चित्रातल्या त्यांच्या हातात पातेलं होतं, अर्धं काळं. त्यांनी ते निरखून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "अर्धंच सोडलंस? लोक म्हणतील, हिला काम येत नाही." मी मुकाट्यानं काळा रंग खरवडला आणि पातेलं चकचकीत केलं.

"भांडं स्वच्छ आहे, मग बाई करतेय काय?" असं विचारून परीक्षकांनी मार्क कापले. कापू देत.

मावशींनी काम सोडूनही आता किती वर्षं झाली. ती डच चित्रं मला अजून तितकीच आवडतात, पण त्यांतल्या बायकांना कुणी काही विचारलं नव्हतं हेही आता दिसतं. शेकडो वर्षं झाली, त्यांच्या हातातलं काम काही संपत नाही. माझ्या चित्रातल्या मावशींचं घासून झालंय. त्या आता नुसत्या बसल्यात.